मिसेस हॉफमन यांच्या गराजमधले तेलाचे डाग

मिसेस हॉफमननी काउंटरवर एक पुठ्ठा ठेवला. त्यावर तेलाचे पाच डाग होते. प्रत्येक डागाभोवती पेन्सिलीने गोल काढून शेजारी वेळ लिहिली होती.

"हा शनिवारचा," त्या म्हणाल्या. "हे दोन चर्चहून आल्यावरचे. हा मोठा दिसतोय तो आज सकाळचा. मोटरसायकल माझी आहे, पण तेल तुम्ही भरलंय."

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. अमेरिकेत ॲन आर्बरमधल्या एका मोटरसायकल शॉपमध्ये मी मेकॅनिक होतो. पुण्यात मेकॅनिकल इंजिनिअरिंग केलं आणि ताईने स्पॉन्सर केलं म्हणून इकडे आलो. मोटार कंपन्यांत तेव्हा माणसं कमी करणं चालू होतं. माझ्या अर्जांना नकारसुद्धा येत नव्हते. शेवटी हे शॉप मिळालं. भावोजी डॉक्टर. पाहुणे आले की ते माझी ओळख करून देत, "हा आमचा श्रीकांत. इंजिनांची ऑपरेशन्स करतो." पाहुणे हसून माझ्या काळ्या नखांकडे बघत.

मिसेस हॉफमन शाळेत गणित शिकवून रिटायर झालेल्या. नवरा गेल्यावर त्याची मोटरसायकल विकायची सोडून त्या ती चालवायला शिकल्या होत्या. गराजची फरशी त्यांनी स्वतः राखाडी रंगाने रंगवली होती. त्या फरशीवर त्यांचा जीव होता.

शॉपचा मालक डेल मागून आला. त्याने पुठ्ठा निरखून पाहिला.

"श्री, ही सर्व्हिस तू केलीस?"

"हो, गेल्या आठवड्यात."

"मग बोल्ट नीट पिळला नसशील. रॉय, जरा दाखव याला."

रॉय म्हणजे आमचा दुसरा मेकॅनिक. त्याचे पंजे फावड्याएवढे. तो पाना घेऊन उठला तसा मी आडवा गेलो. कारण त्या आठवड्यात गळणारी ही तिसरी गाडी होती. त्याआधीच्या गाडीचं तेल मागच्या टायरवर उडून एक स्टुडंट वळणावर घसरला होता. नशिबाने फक्त पँट फाटली.

"डेल, पिळून उपयोग नाही. वॉशर बदलायला हवा."

इंजिनाच्या तळाशी एक बोल्ट असतो. त्याला ड्रेन प्लग म्हणतात. तो काढला की जुनं तेल खाली ट्रेमध्ये पडतं. बोल्टच्या डोक्याखाली तांब्याची एक चपटी चकती असते, तो वॉशर. तेल खरं तर तो अडवतो. बोल्ट आवळताना तांबं जरासं चेपतं आणि सगळी फट बुजवतं. हे काम तो एकदाच नीट करतो. चेपलेलं तांबं कडक होतं, पुन्हा लावलं तर बसत नाही. मग रॉयसारखा माणूस जोर लावतो. बोल्ट स्टीलचा, इंजिनाचा तळ ॲल्युमिनियमचा. आटे जातात ते इंजिनाचे.

डेल मात्र काढलेले वॉशर कॉफीच्या डब्यात जमवायचा आणि तेच परत लावायला लावायचा. तांबं काही कुजत नाही, असं त्याचं म्हणणं.

"माझ्या गाडीला डब्यातला लावला होता का?" मिसेस हॉफमननी विचारलं.

"हो," मी म्हणालो. डेलने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याच्या घरातलं काही बाहेर बोललो.

"ठीक आहे," तो म्हणाला. "या गाडीला नवीन वॉशर आणि तुझा तो टॉर्क रेंच. पुन्हा गळली तर तू फोन उचलायला बसायचं आणि गाड्या रॉय बघेल."

टॉर्क रेंच म्हणजे ठरलेला जोर लागला की क्लिक करणारा पाना. मी लगेच गाडीखाली शिरलो. मिसेस हॉफमन स्टूल घेऊन शेजारी बसल्या. आयतं ऐकणारं कोणी मिळालं, मग काय. प्लग काढता काढता मी त्यांना तांब्याबद्दल लेक्चर दिलं. प्लगबरोबर जुना वॉशर आला नाही. तेलाच्या ट्रेमध्ये पडला असेल, असं धरलं. नवीन लावला. क्लिक. रॉयने उगाच टाळी वाजवली.

चार दिवसांनी मिसेस हॉफमन आल्या. हातात नवा पुठ्ठा. अकरा डाग.

डेलने टेलिफोन उचलून माझ्या बाजूला सरकवला.

मी टॉर्च घेऊन गाडीखाली पाठीवर झोपलो. प्लग काढला. त्यावर माझा नवा वॉशर होता. आटे शाबूत. मला काही कळेना. मग भोकाची कड बोटाने चाचपली. कडेला एक गोल उंचवटा लागला. तेलाने इतका माखलेला की इंजिनाचाच भाग वाटावा. स्क्रूड्रायव्हरने हलकेच उचकटला आणि कॉफीच्या डब्यातला तो जुना वॉशर माझ्या छातीवर पडला.

तो ट्रेमध्ये कधी पडलाच नव्हता. इंजिनाला चिकटून बसला होता आणि मी त्याच्यावर नवीन चढवला होता.

गाडीखालून मी कोणाला दिसत नव्हतो. वॉशर खिशात टाकावा, नवीन लावून बाहेर यावं, आधीच्या वॉशरमध्ये फॅक्टरीचा दोष होता म्हणावं. हे सगळं माझ्या मनात आलं, आणि बऱ्यापैकी पटलंही. पण स्टुडंटची फाटलेली पँट आठवली. उद्या रॉयही हीच चूक करणार, आणि तेव्हा फक्त पँटवर भागेलच असं नाही.

बाहेर येऊन मी दोन्ही वॉशर काउंटरवर ठेवले. "जुना आतच राहिला होता. मी बघितलं नाही."

मिसेस हॉफमननी चष्मा लावून दोन्ही पाहिले. "म्हणजे माझ्या गाडीने दोन स्वेटर घातले होते."

रॉय हसला आणि बराच वेळ हसत राहिला. डेलने डोकं खाजवलं.

"श्री, तुझी थिअरी बरोबर आहे. तूच चुकीचा आहेस."

मिसेस हॉफमन निघताना म्हणाल्या, "माझ्या वर्गात उत्तर चुकलं तरी रीत लिहिली तर अर्धे मार्क मिळायचे." डेलने ते मनावर घेतलं. मला फोनवर बसवायचं ठरलं होतं, पण त्याने दोनच दिवस बसवलं. वॉशरचा डबा मात्र कायमचा गेला. शॉपमध्ये नियम झाला: आधी जुना वॉशर हातात घ्यायचा, मग भोकाची कड कापडाने पुसून बघायची, आणि त्यानंतरच नवीन. रॉयसुद्धा क्लिक ऐकून थांबायला शिकला. त्या सीझनमध्ये ड्रेन प्लगमधून गळते म्हणून एकही गाडी परत आली नाही.

पुढे मला इंजिनिअरची नोकरी मिळाली आणि बरीच वर्षं मी नवीन मुलांना ट्रेनिंग दिलं. त्यांना एवढंच सांगायचो की काढलेली वस्तू दिसली नाही तर ती पडली असेल असं म्हणू नका, शोधा. आणि हात काम करत असताना लेक्चर देऊ नका.