आई-बाबांनी जरा चहा घेऊन यावा

लाइट पहाटेच गेली होती. नोएडात त्या काळी लाइट जाण्याचं कुणाला नवल नव्हतं, पण भाद्रपदातल्या उकाड्यात सकाळची ती वेळ अगदी नको व्हायची. हे बाथरूमचं दार उघडं ठेवून, येईल तेवढ्या उजेडात दाढी करत होते. कस्तुरबा गांधी मार्गावरच्या ऑफिसला नेणारी चार्टर्ड बस कोपऱ्यावर कुणासाठी थांबत नसे. आमचे चिरंजीव अंशुमन पलंगाखाली डोकं घालून ओरडत होते, "आई, मेरा दूसरा मोजा!"

"मराठीत माग, मग मिळेल," मी पोळी उलटता उलटता म्हटलं.

तेवढ्यात दार वाजलं. बेल बंद होती, म्हणून कुणीतरी बोटांनी ठोकत होतं. घाई नव्हती त्यात, पण थांबणंही नव्हतं. मी हात पुसत दार उघडलं. तळमजल्यावरच्या कुमुदताई उभ्या होत्या. रात्रपाळीची पांढरी साडी अजून अंगावर, खांद्याला पिशवी, घरी न जाता थेट वर आलेल्या.

"वहिनी, वरची अरुणा मला दार उघडत नाहीये. तुम्हाला उघडेल. चला जरा."

"काय झालं?"

"स्वानंदी न्हाणीघरात कडी लावून बसलीय. सकाळची सुई घेणार नाही म्हणते. जिन्यात आवाज येतोय."

मी गॅस बंद केला. हे तोंडाला फेस लावलेले बाहेर आले आणि माझा चेहरा बघून म्हणाले, "जा. डबा मी भरतो." (भरला. नुसत्या पोळ्या भरल्या, भाजी कढईतच राहिली, ते संध्याकाळी कळलं.)

कुमुदताईंना आमच्या सेक्टरमध्ये सगळे 'नर्सबाई' म्हणत आणि ताप आला की त्यांच्याकडे धावत. त्या मूळच्या यवतमाळकडच्या. नर्सिंगला म्हणून दिल्लीत आल्या आणि इथल्याच झाल्या. यजमान नरसिंहराव नोएडातल्याच एका कारखान्यात होते. दोघांच्या पाळ्या अशा विचित्र की कधी कधी नवराबायकोची गाठ फक्त जिन्यात पडायची. "अहो, भात झाकून ठेवलाय," एवढाच काय तो संसार, असं त्या हसून सांगत.

दिल्लीच्या एका मोठ्या हॉस्पिटलात त्या मुलांच्या वॉर्डात होत्या. मी एकदा त्यांना डबा द्यायला गेले होते. भिंतींवर ससे, हत्ती आणि फुगे. त्यातल्या एका खाटेवर एक लांबलचक मुलगा झोपलेला, पाय खाटेबाहेर, मिसरूड फुटलेलं. गाझियाबादचा होता. दम्याने आलेला.

"हा बघा माझा लाडका," कुमुदताई म्हणाल्या. "आई त्याला वाटीने दूध पाजते आणि बाप म्हणतो, इतका मोठा घोडा झालास तरी रडतोस. दोन्ही एकाच सकाळी. त्यानं करायचं काय?"

त्यांची एक पद्धत होती. मूल तेरा-चौदाच्या पुढचं असलं की राउंड झाल्यावर त्या खाटेभोवती पडदा ओढायच्या आणि आईबापांना हिंदीतून गोड सांगायच्या, "आप लोग ज़रा चाय पीकर आइए." आईबाप कुरकुरत जायचे. मग ताई खाटेच्या कडेला बसायच्या. पहिली काही मिनिटं काही बोलायच्याच नाहीत. त्या गाझियाबादच्या मुलाने शेवटी काय विचारावं? पंप ओढताना मित्र हसतात, हे तर होतंच, पण त्याला खरी पडलेली काळजी अशी की दाढी केली तर दमा वाढेल का? आईला विचारायची लाज आणि बापाला विचारायची भीती. दुसऱ्या दिवशी कुमुदताई नरसिंहरावांचं जुनं रेझर आणि नवं ब्लेड पर्समधून घेऊन गेल्या. नरसिंहराव आम्हाला सांगायचे, "आमच्या घरातल्या वस्तू एकेक करून सरकारजमा होतात."

डॉक्टरांतले काही त्यांना हसत. बारा वर्षांपर्यंतची मुलं आपली, पुढची मोठ्यांच्या वॉर्डात, असा सरळ हिशेब होता. ताई त्या हिशेबाशी गोड बोलून भांडत राहायच्या आणि एखादं मोठं पोर आपल्याच वॉर्डात ठेवून घ्यायच्या. "मोठ्यांच्या वॉर्डात शेजारी सत्तर वर्षांचा खोकणारा माणूस असतो. तिथे हे पोरगं काय विचारणार?"

तर ही स्वानंदी. आमच्या वरच्या मजल्यावरची, अरुणा आणि दत्तात्रयची एकुलती एक. आठवीत. वर्षभरापूर्वी ती एकाएकी वाळायला लागली, घटाघटा पाणी प्यायची. मधुमेह निघाला. मुलांचा, इन्शुलिनवाला. ती बरी होऊन घरी आली आणि अरुणाने आमच्याकडून वचन घेतलं की ही गोष्ट या तीन मजल्यांबाहेर जाणार नाही. सकाळ-संध्याकाळ खोलीचं दार लावून अरुणा सुई टोचायची. साखर किती आहे ते कळायला निळ्या औषधात लघवी उकळून रंग बघायचा, तोही गॅलरीच्या कोपऱ्यात, पडद्यामागे. पोर शाळेतून आली की पहिला प्रश्न, "डब्यातलं सगळं खाल्लंस ना? आणि दुसऱ्यांचं काही नाही ना खाल्लंस?"

दत्तात्रयने तेव्हाच सरकारी नोकरी सोडून टीव्ही बनवणाऱ्या खाजगी कंपनीत उडी घेतली होती. मारुती बुक केली होती. घरात सगळं नवं येत होतं आणि त्यात हे एकच झाकून ठेवायचं होतं.

आदल्या संध्याकाळी मंडळाचा गणपती होता. नोएडातली सगळी मराठी घरं सामुदायिक सभागृहात जमलेली. स्वानंदीला घरून निघताना सुई देऊन आणलं होतं, आरती झाली की लगेच जेवण होतं म्हणून. पण पाहुणे उशिरा आले. मग एका आरतीला दुसरी, दुसरीला तिसरी. नागपूरकरांची एक, कोकणातल्यांची एक, कुणी मागे राहायला तयार नाही. टाळ्या, झांजा, कापूर, घामाच्या धारा.

स्वानंदी माझ्यापासून चार हातांवर उभी होती. मी बघितलं तेव्हा ती डुलत होती. केस सुटलेले, डोळे कुठेतरी लांब, कपाळावर घाम, हात थरथरताहेत, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटणं.

मंडळातल्या सुमित्राकाकू ओरडल्या, "अगं बाई, पोरीच्या अंगात आलं!"

झालं. झांजा आणखी जोरात. कुणी तिच्या कपाळाला हळद-कुंकू लावलं, कुणी तिच्या ओढणीत नारळ घातला. एका बाईने तर पायावर डोकं ठेवून विचारलं, "आई, माझ्या धवलचं अॅडमिशन होईल का?"

मी अरुणाकडे पाहिलं. सुईनंतर पोटात काही न गेल्याने साखर उतरलीय, हे तिला कळलं होतं. तोंड उघडलंही होतं तिनं. पण आवाज फुटला नाही.

कुमुदताई मागच्या रांगेतून कशा आल्या कोण जाणे. त्यांनी नारळ बाजूला केला, पोरीला खाली बसवलं, गाल थोपटून हाक मारली, पाण्याचा एक घोट गिळतेय ना ते पाहिलं आणि देवापुढचं पंचामृताचं भांडं उचलून चमच्या-चमच्याने तिला पाजलं. मग पेढा. पुजारी "नैवेद्य, अहो नैवेद्य" करत राहिला. ताई म्हणाल्या, "देव मागून घेईल."

थोड्या वेळाने स्वानंदीने डोळे नीट उघडले. "मला भूक लागलीये," ती म्हणाली.

"उपास केला होता पोरीनं," कुमुदताई सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलल्या. "या उकाड्यात झेपत नाही मुलींना. अरुणा, पानावर बसव तिला आधी."

म्हणजे गुपित त्यांनी राखलंच. तरी सकाळी अरुणा त्यांनाच दार उघडत नव्हती. मला कारण उमगत होतं. तिला लोकांची भीती नव्हती. कुमुदताईंनी तिला गप्प उभं राहिलेलं पाहिलं होतं, त्याची होती.

मी हाक मारल्यावर दार उघडलं. अरुणाचे डोळे सुजलेले. दत्तात्रय ऑफिसचा शर्ट घालून, स्टीलच्या छोट्या ट्रेमध्ये सुई घेऊन न्हाणीघरासमोर उभा. आत नळ नुसताच सोडलेला.

"स्वानंदी, मी शेवटचं सांगतोय," तो म्हणत होता.

"हे सकाळपासून शेवटचंच चाललंय," अरुणा म्हणाली.

कुमुदताईंनी ट्रे त्याच्या हातून घेऊन टेबलावर ठेवला. "दत्तात्रयराव, तुम्ही दोघं जरा चहा घेऊन या."

"चहा? कुठे?"

"वहिनींकडे."

"आमच्याच घरातून आम्हाला बाहेर काढता?"

"हो. थोडा वेळ."

"आणि तिनं आत काही केलं तर?"

"मी इथे बसलेय ना." त्यांनी वेताचा मोढा ओढला आणि न्हाणीघराच्या दारापाशी बसल्या. दारावर थापही मारली नाही.

आमच्या स्वयंपाकघरात दत्तात्रय उभ्यानेच चहा पीत दर मिनिटाला छताकडे बघत होता. अरुणा ओट्याला टेकली होती. एकदम म्हणाली, "वहिनी, काल मला वाटलं, देवीच आली असं लोकांना वाटू दे. देवी आलेल्या मुलीचं लग्न होतं. सुईवाल्या मुलीला कोण करून घेणार?"

दत्तात्रयने कप खाली ठेवला. "तू हे काल... तुला माहीत होतं?"

"माहीत होतं."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. चहा आणखी होता, तो ओतला.

बऱ्याच वेळाने जिन्यात पावलं वाजली. पुढे स्वानंदी, मागे कुमुदताई. पोरीचे केस ओले, हातात अर्धी पोळी. तोंडात घास असतानाच म्हणाली, "घेतली मी. स्वतः घेतली. मांडीत."

अरुणाचा हात तोंडावर गेला. "दुखलं का गं?"

"तू देतेस त्याच्याहून कमी. तुझा हात थरथरतो, आई."

दत्तात्रय कुमुदताईंकडे वळला. "काय म्हणत होती ती तुम्हाला?"

"ते तिचं आहे," ताई म्हणाल्या. "तुम्हाला सांगायचं तेवढं ती सांगेल."

स्वानंदीने घास गिळला. "मला शाळेच्या ट्रिपला जायचंय. नैनितालला, सगळ्यांबरोबर. आणि मॅमना मी सांगणार, सुरुचीला पण. तुम्ही नाही, मी. काल मला चक्कर येत होती ना, तेव्हा कळत होतं की काहीतरी होतंय, पण कोणाला सांगायचं तेच... म्हणजे सुरुची शेजारीच होती, यार. तिला माहीत असतं तर तिनं लगेच टॉफी दिली असती."

पोरीच्या कपाळावर कालच्या हळदीचा पिवळा डाग अजून होता, तो अरुणा पदराने पुसत राहिली.

"आणि बाबा," स्वानंदी म्हणाली, "खरंच देवी आली असती ना, तर मी आधी म्हटलं असतं, मारुती लाल घ्या. पांढरी बिल्कुल नाही."

दत्तात्रय हसला. मग त्याने खिडकीकडे तोंड केलं.

नैनितालपर्यंतचे आठवडे सोपे गेले असं मी म्हणणार नाही. अरुणाने दोनदा 'नाही' म्हटलं आणि एकदा दत्तात्रयने. कुमुदताई पाळीवरून येता-जाता वर जायच्या. घाम आला, हात थरथरले, चिडचिड झाली की आधी साखर आणि मग विचार, हे त्यांनी पोरीकडून पुन्हा पुन्हा म्हणून घेतलं. तिच्या वर्गातल्या सुरुचीलाही बोलावून शिकवलं. जेवण समोर आल्याशिवाय सुई नाही, हेही. मध्येच एकदा स्वानंदीने सुई बुडवली, खोटं बोलली, आणि मग स्वतःच खाली जाऊन ताईंना सांगून आली. ताईंनी म्हणे तिला भजी तळायला बसवलं आणि रागावायचं विसरून गेल्या. सुमित्राकाकू मात्र दिवाळीपर्यंत मला विचारत होत्या, "अहो, देवी पुन्हा आली का हो तिला?" एक दिवस स्वानंदीच त्यांना जिन्यात म्हणाली, "काकू, देवी नाही, शुगर होती. खाली गेली होती." काकू जराशा हिरमुसल्या. मग घरी जाऊन तिच्यासाठी मुगाची धिरडी घेऊन आल्या.

ट्रिपची बस शाळेसमोरून सकाळी सुटणार होती. थंडी पडायला लागली होती. दत्तात्रय बसच्या खिडकीखाली उभा राहून तीच ती सूचना देत होता, मॅम हसून मान हलवत होत्या. स्वानंदीचं लक्ष सुरुचीच्या नव्या टोपीकडे होतं. कुमुदताई रात्रपाळी संपवून थेट आल्या, शालीत गुंडाळलेल्या. त्यांनी बसमध्ये चढून पोरीच्या कानात काहीतरी सांगितलं आणि उतरल्या.

बस गेली. अरुणा रस्त्याकडे बघत तशीच उभी. मग कुमुदताईंचा हात धरून म्हणाली, "ताई, तुम्ही एवढं केलंत. माझ्याकडून काही घेत नाही, साडी नाही, मिठाई नाही. काहीतरी सांगा ना. काय करू मी तुमच्यासाठी?"

ताई जराशा थकल्या होत्या. त्यांनी शाल सावरली.

"एक कर," त्या म्हणाल्या. "परवा ती घरी आली की दारातच शुगरचं, सुईचं, खाण्याचं काही विचारू नकोस. आधी विचार, मजा आली का."