मयुरीच्या मागे उभा राहिलेला मामा

या सदरातले अनुभव मी निव्वळ करमणूक म्हणून वाचतो, हे आधीच सांगून टाकतो. पिंपळावरची बाई, रस्त्यात लिफ्ट मागणारा म्हातारा... वाचायचं, बायकोला वाचून दाखवायचं आणि चिडवायचं. तारापूर एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत मी इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन आहे. आमच्या कामात मीटरने भलताच आकडा दाखवला तर कोणी मांत्रिकाला बोलावत नाही. आधी वायर बघतात, मग सेन्सर, मग मीटर बदलतात. घरीही माझं तसंच असतं. त्यामुळे मी हे लिहायला बसलोय याचं घरात सगळ्यांना हसू येतंय. हसू देत!

मी मूळचा साताऱ्याकडचा, नोकरीसाठी इकडे आलो आणि कुंभवलीत घर केलं. बायको सुलभा मात्र इथलीच, चिंचणीची. आईबापांची एकुलती एक मुलगी. भाऊ नाही, ही गोष्ट तिला आयुष्यभर सलत आली. भाऊबीजेला भाऊ नसलेल्या बायका चंद्राला ओवाळतात, तशी तीही ओवाळायची. आता भाऊबीजेचा चंद्र म्हणजे द्वितीयेची नखाएवढी कोर. ती दिसते न दिसते तोच बुडते. त्यात आमच्याकडे कंपन्यांचा धूर. बाई ताट घेऊन गच्चीवर ताटकळत उभी, आणि मी खालून ओरडणार, "अगं, तुझा भाऊ आज सेकंड शिफ्टला दिसतोय!"

नथूमामा आमच्या घरात आला तो टीव्हीतून. एका रोजच्या मालिकेत हे पात्र होतं — घरातल्या सगळ्या पोरींचा मामा. मधे पडायचा, शिव्या खायचा आणि शेवटी सगळं निस्तरायचा. ते काम करणारे गृहस्थ चिंचणीचेच. त्यांचं खरं नाव लिहीत नाही, घरच्यांना विचारलेलं नाही. तसंही आमच्या पट्ट्यात त्यांना सगळे नथूमामाच म्हणायचे. हिरो ते कधीच नव्हते. हिरोच्या लग्नात पंगत वाढणारा, हिरोइनच्या बापाला धीर देणारा, हवालदार, तलाठी, म्हातारा नोकर — असली कामं. पण आमच्यासाठी मालिका म्हणजे तेच होते. तरुणपणी याच एमआयडीसीत शिफ्ट करून गावच्या नाटकात काम करणारा माणूस टीव्हीवर दिसतो आणि तिथेही 'नाय' आणि 'हाय' बेधडक बोलतो, याचा आम्हाला कोण अभिमान! आमच्या कंपनीत तर चिंचणीचा माणूस सुट्टी मागायला आला की साहेब म्हणायचे, "नथूमामाच्या गावचा ना? मग खोटं बोलणार नाहीस."

एका भाऊबीजेला आभाळ भरून आलेलं. कोर काही दिसेना. सुलभा हिरमुसून खाली आली तर टीव्हीवर मालिका चालू, आणि नथूमामा एका सावकाराशी भांडत होता. बाईने काय करावं? पाट टीव्हीसमोर ठेवला, टीव्हीला कुंकू लावलं आणि सरळ ओवाळायला लागली!

"अगं, स्क्रीनला तेल लागेल! आणि तो भांडतोय, त्याला भांडू तरी दे!"

"तुमी गप बसा," ती म्हणाली. "माझा भाऊ हाय तो."

आमच्या लेकीने, मयुरीने, त्याचा व्हिडिओ काढला आणि स्टेटसला ठेवला. चिंचणीत सगळे सगळ्यांचे पाहुणे. व्हिडिओ फिरत फिरत कुठे पोचायचा तिथे पोचला.

पुढच्या भाऊबीजेला दाराची बेल वाजली. दारात नथूमामा! हातात कापडाच्या दुकानाची पिशवी.

"सुलूबाय हायत का घरात?" ते त्यांच्या त्या बसक्या, घोगऱ्या आवाजात म्हणाले. "मागच्या वर्षी तुमी मला लांबून ओवाळलं. यंदा म्हटलं समोर बसूनच ओवाळून घ्यावं. साडी आणलीय. पसंत नाय पडली तर दुकानदार बदलून देनार हाय, विचारून आलोय."

सुलभाने धावपळ करून पाट मांडला. ओवाळताना तबक कलंडायला लागलं, तसं मीच ते खालून धरलं. त्यानंतर ते दर भाऊबीजेला येत राहिले. शूटिंग असलं तर सकाळी लवकर यायचे, पण यायचे.

गेल्या दिवाळीत मयुरीचं लग्न डहाणूच्या मुलाशी ठरलं होतं. ओवाळून झाल्यावर ते मयुरीला म्हणाले, "बाय, तुला बोहल्यावर मी आननार, न् अक्षता पडेपर्यंत तुझ्या मागे मी उभा राहनार. सिरियलीत खंडीभर पोरींचा मामा झालो. आता एका खऱ्या पोरीचा होऊ दे."

सुलभाने त्या दिवशी अख्ख्या माहेरी फोन करून सांगितलं.

आणि मग काही आठवड्यांतच ते गेले. मुंबईत सेटवरच छातीत कळ आली. मला कंपनीच्या कँटीनमध्ये कळलं. जेवणारी माणसं ताटावरून उठली, हे मी डोळ्यांनी पाहिलं. चिंचणीत शोकसभा झाली तेव्हा शाळेचं मैदान पुरलं नाही. मासळीवाल्या बायका टोपल्या घेऊन तशाच आलेल्या. एक म्हणाली, "माझ्याकडून बोंबील घ्यायचे तर आधी भाव करायचे, न् मग मलाच चहा पाजायचे." आमच्या कंपनीतले मिश्राजी बोलायला उभे राहिले, "मराठी मैंने इन्हीं से सीखी है," आणि पुढचं सगळं भाषण मराठीत केलं. 'नाय', 'हाय'सकट. लोक रडता रडता हसले. एका साध्या मामाचं काम करणाऱ्या माणसासाठी एवढी गर्दी! 

सुलभा मात्र बोलली नाही. घरी आल्यावर म्हणाली, "काय सांगू लोकांना? सगळे म्हनतील, हीपन एक फॅन." तेरावं होईपर्यंत तिने घरात गोडधोड केलं नाही. शेजारणीने हटकलं, "सिरियलवाल्याचं कोणी सुतक धरतं का?" ती आत निघून गेली.  भाऊ मिळाला आणि गेला, पण तो भाऊ होता हे सांगायचा आपल्याला हक्क आहे, असंही तिला वाटेना. तिच्या डोक्यात एकच घोळत होतं — आता पोरीच्या मागे कोण?

तसा उपाय काही अवघड नव्हता. वाणगावचा मनोहर, तिचा मावसभाऊ, त्याला मामाचा मान दिला. चांगला माणूस आहे, जरा मानी आहे इतकंच. लग्न माघात, चिंचणीला सासऱ्यांच्या वाडीतच मांडव घातला. मुहूर्त भर दुपारचा. मनोहरला मी स्वतः उभं राहून फेटा बांधून घेतला.

आता नीट सांगतो. मी बोहल्याच्या डाव्या बाजूला होतो. मुलगा पाटावर उभा, मधे अंतरपाट. गुरुजींनी "मुलीच्या मामांनी मुलीला आणावं" असा पुकारा केला. सनई, व्हिडिओवाल्याचे दिवे, रेटारेटी... मयुरी आली. तिच्या मागे फेटा दिसला. मला वाटलं मनोहर. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, हार घातले गेले. माझे डोळे भरलेले, मी काय डोंबल बघणार?

पंगतीत मनोहर दिसेना. न जेवताच गेला म्हणून कळलं. दुसऱ्या दिवशी त्याची समजूत काढायला मी वाणगावला गेलो. तो तोंड फिरवून बसला होता.

"भावोजी, मला बोलवलं, फेटा बांधला, न् ऐन वेळी दुसराच उभा केला. चार लोकांत शोभा झाली माझी."

"दुसरा कोण? तूच तर होतास!"

"मी कुटला? मी खोलीकडे गेलो तर पोरगी त्याच्यासंगती निघालेली. पाठमोरा दिसला. फेटेवाला मानूस. मला वाटलं, तुमी नोकरीतल्या मोठ्या साहेबाला मान दिला. मी मागच्या मागे निघालो."

मी हसलो. म्हटलं, मुलाकडचा कोणीतरी पाहुणा उत्साहात घुसला असणार. लग्नात अशी माणसं असतातच. मी फोन लावला, तर मुलाकडचे म्हणाले, "आम्ही कशाला मुलीच्या मागे उभे राहू? मामा तुमचेच होते ना?"

पाचपरतावणाला मयुरी माहेरी आली तेव्हा तिला विचारलं. काही न सांगता नुसतंच विचारलं, तुला बोहल्यावर कोणी आणलं?

"मनोहरमामाने," ती म्हणाली. "माझी मान खाली होती, मुंडावळ्या डोळ्यांवर येत होत्या. कोपराला धरून आणलं. म्हणाला, 'हळू चाल बाय, पायाखाली वायरी हायत.' आवाज बसला होता त्याचा. नंतर मला घेरी आल्यासारखं झालं तर खांद्यावर हात ठेवला. अक्षता पडेपर्यंत काढलाच नाही."

मनोहरचा आवाज खणखणीत आहे. लग्नाच्या दिवशी त्याने आचाऱ्याला मारलेल्या हाका अख्ख्या वाडीने ऐकल्या. बसका, घोगरा आवाज कुणाचा, ते आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. सुलभाने नुसता पदर तोंडाला लावला.

राहिला व्हिडिओ. माझी सगळी भिस्त त्याच्यावर होती. व्हिडिओवाल्याकडून न कापलेलं सगळं शूटिंग मागवलं आणि घरच्या टीव्हीला जोडलं. मनोहरलाही बोलावून घेतलं. मयुरी खोलीतून निघते, तेव्हा कॅमेरा मुलाकडे आहे. मग ती बोहल्यावर दिसते. अंतरपाट. मंगलाष्टकं. तिच्या मागे... कोणी नाही.

कोणी नाही, पण जागा आहे. सगळीकडे माणसं एकमेकांच्या अंगावर रेललेली, अक्षता टाकायला हात लांबवतायत, आणि मयुरीच्या बरोबर मागे एका माणसापुरती जागा मोकळी. त्या जागेत कोणी शिरत नाही. आमच्या सोलापूरच्या काकू गर्दीत ढकलल्या जाऊन तिकडे कलंडतात आणि एकदम सावरून मागे होतात. कुणाला धक्का लागला की आपण 'माफ करा' म्हणतो, तसं त्यांचं तोंडही हलतं. आम्ही काकूंना फोन केला. त्या म्हणाल्या, "मामांना धक्का लागला गं माझा, चांगले होते, हसले." चेहरा आठवतो का? "फेटा होता. चेहऱ्यावर अक्षता येत होत्या." काकू मालिका बघत नाहीत, नथूमामा कोण हे त्यांना ठाऊकही नाही.

मी सगळं तपासलं. उजेडाचा खेळ म्हणावा, तर भर दुपार होती आणि वर व्हिडिओवाल्याचे दिवे होते. कॅमेऱ्याचा दोष म्हणावा, तर बाकी सगळी माणसं लखलखीत दिसतात. कोणी मुद्दाम केलं म्हणावं, तर कोणी आणि कशासाठी? मनोहर बघून उठला, म्हणाला, "भावोजी, माझा राग गेला. त्यांच्यापुढे मी कुटं उभा राहनार?" आणि सुलभाच्या हातचं पोटभर जेवून गेला.  तुमच्यापैकी कुणाकडे याचं उत्तर असेल तर जरूर सांगा, मी ऐकून घेईन. फक्त आमच्या घरी येऊन सांगू नका, बाई बाहेर काढेल.

परवा विहीणबाईंचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाल्या, "आमच्याकडे सगळे अजून विचारतात हो... मयुरीला इतक्या मायेने आणलं, ते मामा कोण? जेवायला नाही थांबले?"

फोन स्पीकरवर होता. मी काहीतरी गोलमोल सांगायला लागलो. सुलभाने फोन माझ्या हातातून घेतला.

"माझा भाऊ होता," ती म्हणाली. "टीव्हीत काम करायचा. तुमीपन बघितलं असेल त्याला."