अण्णांचा पहिला भाव

आमच्या खरेदी विभागाच्या कामाचं मोजमाप करायचं ठरलं, तेव्हा खरं सांगायचं तर मला आनंदच झाला होता. चाकणच्या कंपन्यांत खरेदीवाल्यांकडे सगळे जरा तिरक्या नजरेनंच बघतात. प्रॉडक्शनवाल्यांना वाटतं, आम्ही एसीत बसून नुसते फोन फिरवतो. अकाउंट्सवाल्यांना वाटतं, आम्ही व्हेंडरच्या जिवावर हॉटेलात जेवतो. म्हटलं, होऊन जाऊ दे एकदाचं. कर नाही त्याला डर कशाला?

मग माप आलं. मीटिंगच्या हॉलमधल्या मोठ्या स्क्रीनवर आम्हा सगळ्यांची नावं आणि प्रत्येकापुढे एक रंग. हिरवा म्हणजे शाबास, पिवळा म्हणजे सांभाळा, लाल म्हणजे तुमचं काही खरं नाही. माल वेळेवर आला का, दर्जा कसा होता, असे बरेच रकाने होते, पण रंग ठरायचा तो बचतीवर. एखादा पार्ट गेल्या वर्षी ज्या भावाने घेतला, त्यापेक्षा यंदा जितका स्वस्त आणला तितकी तुमची बचत. ऐकायला किती सरळ! मीही मान डोलावली होती.

अण्णांचा रंग लाल आला.

अण्णा म्हणजे आमच्या विभागातले सगळ्यात जुने. लातूरकडून डिप्लोमा करून इकडे आलेले आणि रहाटणीत स्थायिक झालेले. मी या कंपनीत लागले तेव्हा मला ड्रॉइंग वाचायला त्यांनीच शिकवलं. नाकासमोर चालणारा माणूस, आणि थोडा कंटाळवाणाही. जेवताना ताकाचे फायदे सांगायचे, रोज. पण भाव ठरवायला बसले की बघत राहावं. व्हेंडरला समोर बसवायचे. स्टील किती लागणार, मशीन किती वेळ चालणार, मजुरी किती, आणि शेवटी शेठच्या घरात काय उरलं पाहिजे, हेसुद्धा स्वतःच मांडायचे. त्यातून जो भाव निघेल तो पहिल्याच दिवशी पक्का. दरवर्षी घासाघीस नाही. "भाव असा करावा, की पुढच्या वेळी भेटल्यावर दोघांनाही मान वर करून चहा पिता आला पाहिजे," असं म्हणायचे.

बाकीचे, म्हणजे हिरवे, वेगळं करायचे. पहिला भाव मुद्दाम सैल ठेवायचा. मग दरवर्षी थोडाथोडा खाली आणायचा आणि ती बचत म्हणून दाखवायची. आधी फुगवायचं, मग टाचणी लावून टाळ्या घ्यायच्या. कंपनीचे पैसे वाचवले होते अण्णांनी, पण ते पहिल्याच दिवशी, आणि पहिल्या दिवसासाठी त्या स्क्रीनवर रकानाच नव्हता. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

आमचे नवे साहेब वाकडच्या कुठल्याशा टॉवरमध्ये राहायचे. वयाने लहान, बोलायला गोड. माणूस वाईट नव्हता हीच पंचाईत, नाहीतर मला मनसोक्त शिव्या घालता आल्या असत्या. त्यांनी अण्णांना केबिनमध्ये बोलावलं. आमच्या दोघांकडे एकाच गटाचे पार्ट असल्यामुळे मीही होते.

"अण्णा, मला सगळं कळतं हो," साहेब म्हणाले. "पण स्क्रीनवर जे दिसत नाही ते मी वर कसं दाखवू? परत लाल आला तर मला तुम्हाला वाचवता येणार नाही." मग आवाज उतरवून म्हणाले, "नव्या मॉडेलचे पार्ट येतायत. पहिला भाव जरा सैल राहू द्या. सगळेच ठेवतात."

माझं डोकं फिरलं. "सर, म्हणजे वर्षभर कंपनीने जास्त पैसे भरायचे?"

"वर्षभरच. मग बचत दिसेल ना," साहेब म्हणाले, अगदी गंभीरपणे.

अण्णा खुर्ची सरकवून उठले. बाहेर आल्यावर मी तावातावाने बोलत होते, वर लिहू, भांडू, वगैरे. ते म्हणाले, "तू भांडशील गं. मुलीचं शिक्षण चालू आहे माझ्या. या वयात मला कोण ठेवून घेणार, सांग."

नव्या मॉडेलचा एक ब्रॅकेट चिखलीतल्या प्रेसशॉपला द्यायचा होता. पत्रा दाबून पार्ट काढायचं हे वर्कशॉप तिथल्याच एका जुन्या गाववाल्याचं. शेतात वर्कशॉप टाकलं तेव्हा त्यांना पहिली ऑर्डर अण्णांनी दिली होती. आम्ही गेलो तेव्हा शेठनी खुर्ची स्वतः पुसून दिली. त्यांनी हिशेब मांडूनच ठेवला होता, अण्णांनी शिकवला होता तसा. अण्णांनी तो वाचला. बरोबरच होता. तरी ते कागदाकडे बघत बसले.

"शेठ, भाव थोडा वाढवून द्या," शेवटी ते म्हणाले.

शेठना वाटलं, आपल्याकडून हिशेबात काही धरायचं राहिलं. पुन्हा आकडे बघायला लागले. "न्हाई अण्णा, बसतंय की यात. आमाला उरतंय."

"तरी वाढवून द्या."

आमच्या धंद्यात खरेदीवाला 'भाव वाढवून द्या' म्हणाला, की त्याचा एकच अर्थ होतो: वरचे पैसे माझ्या घरी. शेठनी उठून केबिनचं दार लावलं. प्रेसचा आवाज एकदम कमी झाला. रागावले असते तर बरं झालं असतं. ते फार मायेने बोलले. "अण्णा, इतक्या वर्सांत तुमी च्याशिवाय काय घेतलं न्हाई. माणसाला कधीतरी अडचण येतीच. घरी पोचवू का?"

अण्णांचा चेहरा मला बघवेना. ते सांगायला लागले. स्क्रीन, रंग, रकाना, पुढच्या वर्षीची बचत. मीही मध्ये पडले. पण आम्ही जितकं समजावू तितकी शेठची मान हलायची. "व्हय व्हय. आलं ध्यानात." त्यांच्या ध्यानात काय आलं होतं ते आम्हाला दिसत होतं. जगात असा नियम असेल, की भाव आधी वाढवला तर शाबासकी मिळते, यावर कुठल्या शहाण्याने विश्वास ठेवावा? त्यापेक्षा चांगला माणूस अडचणीत येऊन घसरला, हे पटण्यासारखं होतं.

दिवाळीत शेठ रहाटणीला अण्णांच्या घरी फराळाची पिशवी देऊन गेले. अण्णा घरी नव्हते. वहिनींनी चकल्यांचा डबा उचलला, तर खाली पाकीट. अण्णा तसेच स्कूटरवर चिखलीला गेले आणि पाकीट टेबलावर ठेवलं. मला हे कॅन्टीनमध्ये त्यांनीच सांगितलं. म्हणाले, "शेठ माझ्याकडे बघत राहिला. मग विचारतो, 'कमी पडलं का, अण्णा?'" एवढं बोलून ते रडायला लागले. भर कॅन्टीनमध्ये, ताटावर बसून. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि मलाही आवरेना.

पुढच्या वर्षी तो ब्रॅकेट वाढवलेल्या भावावरून शेठनी आधी मांडलेल्या मूळ भावावर आला. अण्णा हिरवे झाले. साहेबांनी स्टेजवर बोलावून प्रशस्तिपत्र दिलं, उत्तम बचतीबद्दल. अण्णांनी ते दोन्ही हातांनी घेतलं आणि फोटोसाठी उभे राहिले. मी टाळ्या वाजवल्या. न वाजवून काय करणार होते?

त्यानंतर अण्णा चिखलीला गेलेच नाहीत. ते प्रेसशॉप तूच बघ, म्हणाले. शेठचा फोन आला तरी माझ्याकडे द्यायचे. भाव करताना आता फार बोलत नाहीत. व्हेंडर सांगेल त्यात थोडा सैलपणा ठेवतात आणि सही करतात. ताकाचे फायदे सांगणंही बंद झालं आहे, आणि मला ते ऐकायची इतकी ओढ लागेल असं कधी वाटलं नव्हतं.

परवा मी चिखलीला गेले होते. काम झाल्यावर शेठनी विचारलं, "अण्णा बरं हाईत ना? फोन उचलत न्हाईत माजा." मी ठरवलं, आज हे संपवायचंच. कागद घेतला, त्यांच्याच ब्रॅकेटचं उदाहरण घेतलं. पहिल्या वर्षी हा भाव, दुसऱ्या वर्षी हा, मधला फरक म्हणजे बचत, त्यावर रंग. अण्णांनी एक पैसा खाल्ला नाही, शेठ. नोकरी जात होती म्हणून त्यांना हे करावं लागलं. शेठनी सगळं शांतपणे ऐकलं, मला मध्ये एकदाही तोडलं नाही. मला वाटलं, पटलं.

मग त्यांनी खुर्ची थोडी पुढे ओढली आणि हळू आवाजात म्हणाले, "ताई, त्यांना सांगा, मनाला लावून घेऊ नका. आमी काय कुणाला सांगितलंय व्हय?"