तिसरा गोलकीपर

मस्कतच्या अल् खुवैर भागातल्या सरकारी कचेऱ्यांत अधूनमधून गालिचे बदलायचे. जुने गालिचे गुंडाळून जिन्याखाली आले की तिथला कुणीतरी वॉचमन लहू इंगळेंना फोन करी, आणि इंगळे जेवणाच्या सुट्टीत आपली जुनी पिकअप घेऊन ते उचलायला जात. गाला नावाच्या वस्तीतल्या गॅरेजांच्या मागं एक मैदान होतं, मुरूम दाबून सपाट केलेलं. तिथल्या गोलपोस्टपुढं ते प्लायवूडच्या फळ्या टाकत, त्यांवर गालिचे ताणून ठोकत, आणि खेळ सुरू होण्याआधी पाइपानं भिजवत. मुरुमावर चेंडू बकरीसारखा उड्या मारतो. ओल्या गालिच्यावर तो सरळ, सपाट आणि दुप्पट वेगानं अंगावर येतो. मोठ्या हॉकीतल्या ॲस्ट्रोटर्फची सर त्याला नव्हती, पण मस्कतमधल्या कंपन्यांच्या संघांतल्या पोरांना त्याची चव तरी कळावी, एवढीच इंगळेंची अपेक्षा.

"यावर मंत्रीसाहेब चालून गेलेत," पॅड बांधून उभ्या असलेल्या पोराला ते म्हणत. "तेव्हा पडायचं ते जरा अदबीनं."

इंगळे मूळचे खडकीचे. वडील दारूगोळ्याच्या कारखान्यात कामाला होते. खडकीत ज्या पोराला धावता येत नाही त्याला गोलमध्ये उभं करत, तसे लहूही उभे राहिले, आणि तिथंच रमले. पुढं एका बऱ्या संघात निवड झाली, ती राखीव म्हणून. फॉरवर्ड दमला की दुसरा आत जातो. गोलकीपर दमत नाही. पहिला पडला तरच दुसऱ्याचा नंबर, आणि तिसऱ्यानं तर पहिल्या दोघांच्या तब्येतीची चौकशी करत बसायचं. लहूंनी कैक हंगाम पॅड बांधून बाकावर काढले. मग ड्राफ्ट्समनची नोकरी मिळाली आणि ते पत्नी लीलावतीबाईंना घेऊन मस्कतला आले. बाकावरच्या त्या दिवसांबद्दल ते कधी फारसं बोलत नसत. पण शुक्रवारी सकाळी, सगळी वस्ती अंथरुणात असताना, ते मैदानावर पाइप धरून उभे असत.

पोरं हेरायची त्यांची रीत वेगळी होती. कोण किती गोल अडवतो हे ते पाहत नसत. गोल खाल्ल्यावर कोण काय करतो, ते पाहत. कुणी बॅकवर ओरडे, कुणी स्टिक आपटे. अमीन होडेकरांचा आदिल मात्र वळायचा, जाळीतून स्वतः चेंडू काढायचा आणि ज्यानं गोल मारला त्याच्याच हाती द्यायचा. चेहऱ्यावर राग नाही, लाज नाही. जणू पुढचा चेंडू कधी येतो एवढाच काय तो प्रश्न.

अमीन होडेकर हर्णैचे. गालात त्यांचं गॅरेज होतं, एका ओमानी अर्बाबच्या, म्हणजे मालकाच्या, परवान्यावर चालवलेलं. आदिल मस्कतमध्येच जन्मला आणि वाढला. शाळा संपल्यावर बापानं त्याला त्याच अर्बाबच्या व्हिसावर गॅरेजात घेतलं. मराठी तो चाचपडत बोलायचा, इंग्रजी भरभर, आणि गोलमध्ये अजिबात बोलायचा नाही.

"अरे, तुझ्या बॅकला सांग ना डावीकडं सरक म्हणून," इंगळे मागून ओरडत. "तो काय मनकवडा आहे?"

"सर, तो... तो ऐकत नाही."

"मग मोठ्यानं सांग. गॅरेजात बापाला हाक मारतोस तशी."

त्यावर सगळी पोरं हसत. आदिल हेल्मेटच्या आत हसे, आणि पुढच्या वेळी खरोखर ओरडे.

तीन वर्षं इंगळेंनी त्याला घडवलं. एका जागी उभं राहायला शिकवलं, म्हणजे सगळ्यांत अवघड गोष्ट. चेंडू स्टिकवरून सुटेपर्यंत हलायचं नाही. हललास की त्याला रस्ता दाखवलास. मग १९९९ च्या उन्हाळ्यात, खडकीतले आपले जुने सोबती एकनाथ यांच्याशी बोलून, इंगळेंनी त्याला भारतात पाठवलं. एका मोठ्या संघाचं पुण्यात शिबिर होतं. निवड झाली. तिसरा गोलकीपर.

"तिसरा म्हणजे?" अमीनभाईंनी विचारलं होतं.

"म्हणजे वाट बघायची," इंगळे म्हणाले.

इथं राहणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यात एक घड्याळ चालू असतं. सहा महिन्यांहून जास्त काळ ओमानबाहेर राहिलं की व्हिसा आपसूक मरतो. म्हणून आजारी आईची शुश्रूषा करणारा मुलगा असो की बाळंतपणाला गेलेली सून, सहावा महिना संपत आला की विमानात बसून इथं येतात, पासपोर्टवर शिक्का पडला की आठवड्याभरात परत जातात. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. हाताला लागलेली सवयच ती.

डिसेंबरच्या एका संध्याकाळी अमीनभाईंनी इंगळेंना गॅरेजात बोलावलं. आदिलची आई रईसा गाडीतच बसून होती, काच खाली करून.

"लहूभाई, पोराचा सहावा महिना भरत आला," अमीनभाई हात पुसत म्हणाले. "अर्बाब दोनदा बोलून गेला. आला नाय तर दुसरा माणूस घेतो म्हणतो. पण पोर फोनवर बोलतं, इतक्यात येत नाय."

"का?"

"बोलतं, बरा चाललंय. तिथले सर मला बघतायत, बोलतं."

"सगळेच बघतात," इंगळे म्हणाले.

गाडीतून रईसा बोलली, "सर, तुमी सांगितलांत तर तो ऐकंल. आमचा नाय ऐकायचा. व्हिसा गेला नि तिथं पण काय झाला नाय, तर पोरानं जायचां खुटं?"

इंगळेंना बाक दिसत होता. पॅडचे पट्टे आवळून बसलेला, मॅच संपल्यावर ते सोडणारा तरुण दिसत होता. पहिल्या दोघांना काही होत नसतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. होत असतं, तर ते आज ड्रॉइंग बोर्डापुढं उभे नसते.

"फोन लावा," ते म्हणाले.

आदिलनं ऐकून घेतलं. मग एकच विचारलं, "सर, तुम्हाला नक्की वाटतं?"

"चार-सहा दिवसांचा प्रश्न आहे. शिक्का मारून परत जा. तिसऱ्याला एवढ्यात कुणी हाक मारत नाही."

"ओके, सर," आदिल म्हणाला. तो आला. रईसानं त्याच्यासाठी सांदणं केली. इंगळेंनी मुद्दाम त्याला मैदानावर बोलावलं नाही. म्हणाले, आराम कर.

त्याच आठवड्यात पुण्यात पहिल्या गोलकीपरचं बोट मोडलं. दुसरा आधीच काविळीनं घरी गेलेला. सामना दोन दिवसांवर. एकनाथांचा फोन आला तेव्हा इंगळे जेवत होते. नाताळाच्या सुट्ट्यांपाठोपाठ ईद येत होती, विमानांत जागा नव्हती. अमीनभाई रुवीच्या बाजारातल्या प्रत्येक ट्रॅव्हल एजंटाकडं जाऊन आले, दुबईमार्गेही विचारून पाहिलं. आदिलनं बॅग भरून दाराशी ठेवली होती आणि तो तिच्यावरच बसून होता. शेवटी एकनाथांचा पुन्हा फोन आला. औरंगाबादहून एका पोराला रातोरात बोलावलं होतं.

त्या पोरानं पेनल्टी स्ट्रोक अडवला. पेपरात फोटो आला. मोडलेलं बोट जुळलं तरी गोलमध्ये तोच राहिला.

लीलावतीबाईंनी त्या रात्री नवऱ्याचं ताट तसंच झाकून ठेवलं. "तुम्ही वाईट चिंतलं नव्हतं," त्या म्हणाल्या.

"चिंतायला कशाला पाहिजे," इंगळे म्हणाले, आणि त्यापुढं त्या घरात तो विषय निघाला नाही.

आदिल परत गेला, आणखी दोन हंगाम बाकावरच राहिला. व्हिसासाठी वेळेवर येतही राहिला. मग २००१ साली कायमचा आला. गॅरेजात इंजिनखाली झोपून काम करू लागला. इंगळे गाडीचं तेल बदलायला दुसऱ्या गॅरेजात जाऊ लागले. अमीनभाईंनी ते ओळखलं असावं. रईसा भेटली की पूर्वीसारखीच लीलावतीबाईंची चौकशी करायची, आणि ते इंगळेंना जास्त जड जायचं.

वर्षभरानं एका शुक्रवारी आदिल आपणहून मैदानावर आला. पॅड आणले नव्हते. लहान पोरांना कुणीतरी चेंडू मारायला हवं होतं, त्यानं स्टिक उचलली. पुढच्या शुक्रवारी पुन्हा आला. हळूहळू पोरं त्यालाही सर म्हणू लागली, आणि इंगळेंच्या गुडघ्यांनी साथ सोडली तसा शिकवण्याचा बराच भाग त्याच्याकडं गेला. तो चांगला शिकवायचा. आता मोठ्यानं बोलायचा.

२००५ मध्ये मैदानावरच्या अरहमला बोलावणं आलं. हा खुदेजाबाईंचा मुलगा, बाप गेल्यावर मामाच्या दुकानात व्हिसावर लागलेला. संघ तोच, शिबिर तेच. तिसरा गोलकीपर. खुदेजाबाई मैदानाच्या कडेला आल्या आणि त्यांनी थेट इंगळेंनाच विचारलं.

"सर, सहा महिन्यांनी त्याला बोलवून घेऊ ना? सगळे तसंच करतात."

पलीकडं आदिल जाळी आवरत होता. त्यानं ऐकलं होतं. इंगळेंनी आधी त्याच्याकडं पाहिलं.

"दोन मिनिटं थांबा," ते म्हणाले आणि त्याच्यापाशी गेले.

"आदिल, एक विचारू?"

"विचारा ना, सर."

"त्या दिवशी तू तिथं असतास, तर तो स्ट्रोक अडवला असतास?"

इतक्या वर्षांत त्यांनी हे मनात किती वेळा विचारलं होतं. नाही म्हणाला असता, तर सुटका होती. हो म्हणाला असता, तर निदान शिक्षा तरी होती. आदिलनं जाळीची गाठ सोडवली, दुसरी घेतली.

"मला नाही माहीत, सर," तो म्हणाला. "ते कळायला मी तिथं असायला हवं होतं."

आवाजात धार नव्हती. गोल खाल्ल्यावर चेंडू काढून हाती द्यावा, तसं दिलं त्यानं उत्तर.

मग इंगळे खुदेजाबाईंकडं परत आले.

"त्याला कदाचित कधीच हाक येणार नाही," ते म्हणाले. "वर्ष, दोन वर्षं बाकावर बसेल. व्हिसा जाईल. मामाच्या दुकानातली जागाही जाईल. हे सगळं होऊ शकतं, आणि बहुतेक होईलच."

"मग?"

"हे मान्य असेल तरच पाठवा. पण पाठवलंत, तर मधे बोलवायचं नाही."

खुदेजाबाईंनी आपल्या मुलाकडं पाहिलं. तो पॅड काढून घाम पुसत होता, आईकडं बघायचं टाळत होता.

"आणि तिथं काही झालं नाही, तर?" त्यांनी विचारलं.

"तर नाही झालं," इंगळे म्हणाले. "तो तिथं होता, एवढं त्याला माहीत असेल."

अरहम गेला. सहावा महिना संपला त्या आठवड्यात खुदेजाबाई रोज लीलावतीबाईंकडं येऊन बसत. चहा घेत, इकडचं तिकडचं बोलत आणि उठून जात. परत ये म्हणून अरहमला फोन मात्र त्यांनी केला नाही. इंगळे आतल्या खोलीत बसून असत, आणि त्या जाईपर्यंत बाहेर येत नसत.