रुमालाखालची चार बोटं

कोपरा फाडलेलं कार्ड आलं, तेव्हा मी ते आधी उलटसुलट करून पाहिलं. टपालात फाटलं असेल, असं मनाला बजावलं. संशय हा माझा जुना रोग. दूधवाल्यासमोर दुधात बोट बुडवून बघणारा माणूस मी, मरणाच्या बातमीवर तरी लगेच विश्वास कसा ठेवणार? पण आत दोनच ओळी होत्या. शरणप्पा अण्णा गेले... त्यांच्या सुनेनं लिहिलं होतं. त्याला आता महिना होऊन गेला.

गोष्ट निजामाच्या राज्यातली. आईवडील लहानपणीच गेल्यामुळे मी हळ्ळीखेडला नागोरावमामांकडे वाढलो. मामा तालुक्याच्या पेठेत धान्य मोजणारे मापाडी, आणि शरणप्पा त्याच पेठेतले दलाल. तेव्हा तूर-ज्वारीचा भाव कुणी तोंडानं बोलत नसे. दलाल आणि खरेदीदार समोरासमोर बसत, दोघांच्या हातांवर रुमाल पडे आणि आत बोटं धरून भाव ठरे. एक बोट धरलं की एक, चार धरली की चार. ज्याचा माल, तो शेतकरी नवरीच्या बापासारखा बाजूला उभा राहून रुमालाची हालचाल बघत राही.

आम्ही पाचसहा तरुणांनी गावात वाचनालय काढलं होतं. सभेला सरकारची परवानगी लागे, म्हणून वर्तमानपत्र वाचायच्या निमित्तानं जमायचं. तिथंच एकदा रुमालाचा विषय निघाला. राज्याचा कारभार उघड्यावर यायचा तेव्हा येईल, आधी भाव तर उघड्यावर आणू, असं ठरलं. भाव मोठ्यानं बोलला जात नाही तोवर पेठेत गाडी न्यायची नाही. आसपासची खेडी हळूहळू तयार झाली. आणि एक दिवस चक्क शरणप्पा येऊन आमच्या सतरंजीवर बसले. बसल्या फांदीवर कुऱ्हाड घालायला निघालेला दलाल! मी तोंडावरच विचारलं, "अण्णा, तुमचं पोट ह्याच्यावर. मग तुम्ही कामून यायलाव?"

"माझा बाप कुणबीच व्हता," ते म्हणाले. "रुमालाच्या भाईर उभारलेला मी बघितलंय त्याला."

बाकीच्यांना गहिवरून आलं. मला नाही. एवढं गोड बोलणारा माणूस व्यापाऱ्यांनी पाठवलेलाच असणार, असं मी धरलं आणि त्यांची परीक्षा घ्यायचं ठरवलं. सगळ्या गावांची गुप्त बैठक दोन दिवसांनी होती. दिवस एकेकाला कळवायचं काम माझ्याकडे होतं. शरणप्पांना मी चौथा दिवस सांगणार होतो. त्या दिवशी पोलीस आले, की चोर सापडला. पण पेठेत बोलायची सोय नव्हती, म्हणून मी त्यांच्यासमोर बसून त्यांचाच रुमाल ओढला आणि आत त्यांची चार बोटं धरली. ज्या रीतीविरुद्ध आम्ही उठलो होतो तीच वापरताना मला काही वावगं वाटलं नाही. सवय नव्हती, म्हणून बोटं धरणं त्याच सकाळी घरी गिरवून घेतलं होतं. शरणप्पांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली.

चौथ्या दिवशी ठाण्याचा अमीन, म्हणजे निजामाचा फौजदार, जवान घेऊन वाचनालयात शिरला. बैठक केव्हाच होऊन गेलेली. त्याच्या हाती फक्त पुस्तकं लागली. ती उचलून नेली, दाराला कुलूप ठोकलं. मी मात्र जिंकलो होतो. शरणप्पा फितूर आहे, चौथा दिवस मी त्या एकट्यालाच सांगितला होता, असं मी गावोगाव सांगितलं. त्यांच्या ओट्यावर कुणी चढेना. त्यांनी एका शब्दानं खुलासा केला नाही, आणि गप्प बसणं म्हणजे कबुलीच, असं मी सगळ्यांना पटवलं.

पंधरवडाभर पेठेत गाड्या आल्या नाहीत. मग ठाणाकुशनूरकडचा एक शेतकरी, ज्याला आमच्या भांडणाचा पत्ता नव्हता, तो गाडी घेऊन शरणप्पांकडे गेला. शरणप्पांनी रुमाल ओट्यावर अंथरला, त्यावर बसले आणि भर बाजारात भाव ओरडले. व्यापारी खो खो हसले. पण माल सगळ्यांनाच हवा होता. पुढच्या बाजारी एकानं आवाज चढवला, मग दुसऱ्यानं... वर्षभरात रुमाल खांद्यावर गेले ते तिथंच राहिले. पाप धुण्यासाठी केलेलं नाटक, असं मी म्हणालो. चळवळीचं श्रेय आम्ही आपसात वाटून घेतलं, त्यांना त्यातला कणही दिला नाही.

मग इतकी वर्षं गेली. गेल्या दिवाळीनंतर बिदरला लग्नाला गेलो होतो, तेव्हा शरणप्पा अंथरुणाला खिळलेत असं कळलं. का कोण जाणे, गेलो. त्यांनी ओळखलं, जवळ बसवलं आणि विचारलं, "दिगू, बोटं धरायला तुला कोण शिकिवलं?"

"मामानं," मी म्हणालो. कशाला शिकायचंय, असं मामांनी विचारलं होतं. बैठकीचा दिवस सांगायचाय, म्हणून मी त्यांच्याच हातावर चार बोटं गिरवली होती. जगावर संशय घेणाऱ्या मला स्वतःच्या घरातला माणूस मोजायचं सुचलंच नव्हतं.

"करंगळीकडून धरला व्हतास. तसं धरणारा पेठंत एकच माणूस व्हता."

"मग तुम्ही बोलला न्हाई कामून?"

"तुला दुसरं घर कुठं व्हतं?"

परतताना एसटीत माझा रोग पुन्हा उफाळला. मामा जाऊन वीस वर्षं झाली, ते काही उत्तर द्यायला येणार नाहीत. जाता जाता अण्णांनी शेवटचा सौदा तर साधला नसेल? मग आठवलं... त्या चौथ्या दिवशी मामांनी मला सकाळीच शेतात पिटाळलं होतं, अंधार पडल्याशिवाय घरी येऊ नकोस म्हणून. मला वाचवून त्यांनी बाकीच्यांना विकलं होतं, आणि त्याचा डाग मी अण्णांच्या कपाळी लावला. मला माझी लाज वाटली, अजून वाटते. परत जाऊन पाय धरायचे ठरवले होते. त्याआधी कार्ड आलं.

परवा त्यांच्या घरी जाऊन आलो. ओट्यावर त्यांच्या जागी तो रुमाल तसाच अंथरलेला आहे. धुऊन धुऊन विरलेला. सून म्हणाली, अण्णांच्या जागेवर बसा की. मला बसवेना. मी कडेला टेकलो आणि दोन्ही हात रुमालाखाली घातले. खाली गार शहाबादी फरशी. माझ्याच डाव्या हाताची चार बोटं मी उजव्या हातानं धरली. ती करंगळीकडूनच धरली गेली.