अंड्यांची कूस

माझ्या मुलीच्या सासूबाईंनी मला जेवढे धक्के दिलेत, तेवढे जन्मात दुसऱ्या कुणी दिलेले नाहीत. आणि मी नांदेडात औषधाचं दुकान चालवते. काउंटरपलीकडून माणसं काय काय विचारतात ते सांगितलं तर कुणाचा विश्वास बसणार नाही, पण मी मान वर न करता गोळ्यांची पट्टी कापून देते. लातूरहून विहीणबाईंचा फोन आला, की मात्र मी आधी स्टुलावर बसून घेते आणि मगच 'हॅलो' म्हणते.

पहिला धक्का लग्नातच बसला. विहीणबाईंचा नियम असा, की बाहेरून आलेली कोणतीही वस्तू धुतल्याशिवाय घरात जायची नाही. भाजी आपण सगळेच धुतो. त्या गॅसचं सिलिंडर धुतात, किल्ल्या धुतात, कुरिअरचं पाकीट ओल्या फडक्यानं पुसून मगच फोडतात, आणि नव्या चपलेची पहिली आंघोळ हळदीच्या पाण्यानं होते. लग्नात अंतरपाट धरलेला, मंगलाष्टकं संपत आलेली, आणि हार सापडेनात. शेवटी सापडले ते कार्यालयाच्या मोरीत, बादलीत बुडवलेले. "उघड्या गाडीवरून आणले की वो इहीणबाई, धूळ किती ती!" असं म्हणून त्यांनी ते निथळत माझ्या हातात दिले. जावयानं हार घातला आणि माझ्या मुलीचा शालू पोटापर्यंत भिजला. फोटोत ती लाजून थरथरते आहे असं सगळ्यांना वाटतं. ती थंडीनं कुडकुडत होती. व्याही शांतपणे माझ्या शेजारी उभे होते. मला म्हणाले, "मनावर घेऊ नका. मलाबी धुऊनच घेतलंय घरात."

अशा घरात अंड्याला काय स्थान असेल ते सांगायला नको. त्या शाळेत भूगोल शिकवायच्या, पण वाढदिवसाच्या केकची चौकशी फौजदारासारखी करायच्या. मुलानं होस्टेलवर असताना एकदा ऑम्लेट खाल्लं आणि सुट्टीत तोंडातून निघून गेलं, तर त्याला अंगणात उभं करून डोक्यावर घागरी ओतल्या आणि वर दात घासायला लावले. हा माझा जावई. तो अजूनही अंड्याच्या गाडीजवळून जाताना रस्ता बदलतो.

व्याह्यांना पक्षाघात झाला आणि ते तीन वर्षं अंथरुणाला खिळून होते. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून हवेची गादी मीच दुकानातून पाठवली. तिचा पंप वीज गेली तरी चालावा म्हणून जावयानं इन्व्हर्टर बसवून दिला. पण विहीणबाईंचा पंपावर काडीचा विश्वास नव्हता. दर दोन तासांनी त्या व्याह्यांची कूस बदलायच्या. आधी डावी, मग उजवी. मी बघायला गेले की गप्पांच्या मधेच उठून जायच्या, घड्याळाकडे न बघता. गेल्या पावसाळ्यात व्याही गेले. तीन वर्षं पडून असलेल्या माणसाच्या पाठीवर एक ओरखडा नव्हता. मी या धंद्यात आहे, हे किती अवघड असतं ते मला ठाऊक आहे.

त्यानंतर काही महिन्यांनी, ऐन गर्दीच्या वेळी, दुकानात फोन आला. मी नेहमीसारखी बसले. विहीणबाई म्हणाल्या, "एक चांगलं थर्मामीटर पाठवा बरं."

"ताप आलाय का?"

"मला न्हाई वो. अंड्यांना पाहिजे."

मी बसले होते म्हणून बरं. समोरच्या गिऱ्हाईकाला मी खोकल्याच्या औषधाऐवजी केसांचं तेल दिलं.

झालं होतं ते असं. शिरूर अनंतपाळला त्यांची एक जुनी विद्यार्थिनी कोंबड्या पाळते. ती भेटायला आली, बाईंचं रिकामं घर बघून हळहळली, आणि पुढच्या खेपेला अंडी उबवायचं एक छोटं मशीन आणि टोपलीभर अंडी घेऊन आली. थर्माकोलची पेटी, आत दिवा, वर काच. बाई हाकलून देतील म्हणून ती बिचारी बाहेरच उभी राहिली. बाईंनी अंडी घेतली आणि नियमाप्रमाणे धुतली. नुसती नाही, हळदीच्या पाण्यात घालून काथ्यानं घासली. मग तीन आठवडे त्या पिवळ्याधमक अंड्यांसमोर बसून राहिल्या. एकही फुटलं नाही. वास सुटला तेव्हा विद्यार्थिनीला फोन लावला. ती पलीकडून किंचाळली, "बाई! धुतली? अंड्यावर पापुद्रा असतो, तो गेला की आत घाण शिरते. घासली पण?" ही चूक लातूरच काय, अख्ख्या मराठवाड्यात फक्त माझ्या विहीणबाईच करू शकतात. जन्मात अंड्याला हात लावला नाही, आणि लावला तो काथ्यासकट. त्यांनी ती सगळी अंडी जास्वंदीखाली पुरली आणि चक्क सुतक पाळलं. मुलीनं फोनवर सांगितलं तेव्हा मला वाटलं, ती चेष्टा करते आहे. चेष्टा नव्हती. त्या दिवसांत त्यांनी देवाला फुलं वाहिली नाहीत, आणि सुतक फिटल्यावर दुसरी टोपली मागवली, ती नुसत्या कोरड्या फडक्यानं पुसून घरात घेतली.

मुलगी-जावई पुण्याला असतात, तिथं या गोष्टीनं हाहाकार उडाला. मुलीचा फोन आला, "आई, तू जाऊन बघ. व्हिडिओ कॉलवर अंड्यांशी बोलत होत्या. यांचं म्हणणं, बाबा गेल्यापासून डोक्यावर परिणाम झालाय. तसं असेल तर घर बंद करून त्यांना इकडेच आणायचं. त्या म्हणाल्यात, इहीणबाई सांगतील ते ऐकेन."

म्हणजे निकाल माझ्यावर. मी दुकान बंद केलं, बस पकडली, आणि वाटेत ठरवूनही टाकलं. एकट्या बाईनं एवढ्या घरात अंडी उबवत बसायचं, याला काही अर्थ नाही. पुण्याला फ्लॅट आहे, लिफ्ट आहे, मुलगा-सून आहे. सामान बांधायला मदत करायची आणि परत यायचं.

लातूरला पोचले. उंबऱ्याबाहेर माझे पाय आणि पर्स धुऊन झाली. मोबाइल मी हिसकावून घेतला म्हणून नुसत्या फडक्यावर निभावलं. नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नाही, मला हातपाय धुवायला तांब्याभर पाणी मिळालं, आणि मशीनमध्ये हवा ओलसर राहावी म्हणून अंड्यांना मात्र गाळलेलं, कोमट करून. मशीन कुठं ठेवलं होतं? व्याह्यांच्या खोलीत. पलंग होता त्या जागी टेबल, त्यावर पेटी, आणि तिची वायर हवेच्या गादीच्या पंपाच्या प्लगमध्ये. ती अंडी बघून मी थक्क झाले. प्रत्येकाच्या एका अंगावर पेन्सिलीनं 'उ' आणि दुसऱ्या अंगावर 'डा' लिहिलेलं, भूगोलाच्या बाईंच्या सुबक अक्षरात.

"हे काय?"

"उजवी आन् डावी. कूस वो. अंडं एकाच कुशीवर ठेवलं तर पिल्लू आत चिकटून बसतंय. फिरवावं लागतंय सारखं."

पेटीत फिरवायची मोटर दिसत होती. तिची वायर काढून नीट गुंडाळून ठेवलेली.

"मशीन आपोआप फिरवतं की हे."

"मशीनला काय कळतंय कूस?" त्या तुच्छतेनं म्हणाल्या. पंपाबद्दलही त्या हेच म्हणायच्या.

मग त्यांनी पडदे ओढले, एक अंडं उचललं आणि खाली मोबाइलचा टॉर्च लावला. अंडं आतून तांबडंलाल झालं. बारीक शिरांचं जाळं, मधे काळा गोळा, आणि तो गोळा हलला. मी औषधवाली. पण "अगं बाई!" म्हणून मागं सरकले ते थेट भिंतीला टेकले.

"घाबरायलाव कशाला? आपलंच हाय ते," असं म्हणून त्यांनी अंडं परत ठेवलं. "आता ह्यास्नी हात लावायचा न्हाई. शेवटचे तीन दिवस कूस बदलायची नसती. पेटीपण उघडायची न्हाई."

मी मुद्द्यावर आले. मुलाचं म्हणणं स्पष्ट सांगितलं. त्या ऐकून घेत होत्या, चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "खुळी झाले का ते बघायला आलाव, हाव ना? मग बघा. ह्या खेपेला एक जरी पिल्लू निघालं तर मी हितंच राहणार. न्हाई निघालं तर तुमच्यासंगं पुण्याला येते. कुलूप तुमच्या हातानं लावा." आणि हेच त्यांनी मुलालाही फोनवर सांगितलं. मुलगा खूश झाला. त्यालाही हळदीची अंडी आठवत असणार.

त्या तीन दिवसांइतकी बेचैन बाई मी पाहिलेली नाही. भाकरी थापता थापता उठायच्या, हात धुवायच्या, खोलीत जायच्या, पेटीच्या झाकणापर्यंत हात न्यायच्या आणि तसाच मागं घ्यायच्या. परत येऊन बसायच्या. तासा-दोन तासांनी पुन्हा तेच. मी एकदा वैतागून म्हटलं, "अहो, बसा की एका जागी! सांगितलंय ना हात लावायचा नाही?" त्या पदराला हात पुसत म्हणाल्या, "मला कळतंय वो. हाताला कळंना." त्या बरोबर दर दोन तासांनी उठतायत, आणि ही वेळ माझ्या ओळखीची आहे, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं.  मी फुलकोबी निवडत बसले.

तिसऱ्या दिवशी दुपारी वीज गेली. थंडीचे दिवस, आणि इन्व्हर्टरही थोड्याच वेळात कुरकुरून बंद पडला. त्यानं व्याह्यांसाठी जेवढं व्हायचं तेवढं केलं होतं. पेटी उघडायची नाही आणि गार पडू द्यायची नाही. विहीणबाई नुसत्या उभ्या राहिल्या. त्यांना मी कधी नुसतं उभं पाहिलं नव्हतं. मग मीच पाणी उकळलं, घरातल्या साऱ्या रबरी पिशव्या भरल्या, पेटीच्या चारी बाजूंनी लावल्या, वर व्याह्यांची सोलापुरी चादर घातली आणि चादरीच्या कडा दाबून धरून बसले. लक्षात घ्या, एक जरी पिल्लू निघालं तर माझी लातूरची फेरी फुकट जाणार होती. तरी मी धरून बसले होते. जवळ बसलं तेव्हा ऐकू आलं. आतून, अगदी बारीक. टिक्. टिक्.

"ऐकलात का?" त्यांनी माझं मनगट इतकं करकचून धरलं की बांगडी रुतली.

वीज आली, दिवा लागला, आणि काचेतून आम्ही पाहिलं. 'उ'वर भोक पडलं होतं. चोच आत-बाहेर होत होती. तडा हळूहळू गोल फिरत गेला, मधे बराच वेळ थांबला. विहीणबाईंनी दोन्ही हात पाठीमागं घट्ट बांधून घेतले होते, शाळेत उभ्या केलेल्या पोरीसारखे. मग टोपी काढावी तसं कवच बाजूला झालं आणि एक ओलं, चिकट, अत्यंत कुरूप पोर बाहेर लोळलं. आडवं पडलं. धापा टाकायला लागलं. पुन्हा उठलं, पुन्हा पडलं. मग पाय झाडत उभं राहिलं.

बाकीची अंडी तशीच होती. त्यातली आणखी तीन-चार दुसऱ्या दिवसापर्यंत फुटली. पण पैज एकाचीच होती.

विहीणबाई काचेला कपाळ लावून बघत होत्या. इतक्या हळू बोलल्या की मला वाटलं पिल्लाशीच बोलतायत.

"त्यास्नी तीन वर्षं फिरवलं. उठले न्हाईत." मग काचेवर बोट टेकवून म्हणाल्या, "हे बघा, आपलं आपण उठलं."

मी पुण्याला फोन लावला आणि सांगितलं, की सासूबाईंचं डोकं माझ्यापेक्षा ठीक आहे, घर बंद करायचं नाही, आणि इन्व्हर्टरला नवी बॅटरी आजच्या आज मागवायची. मुलगी काहीतरी विचारत होती. मी फोन ठेवला.

वाळून मऊ झाल्यावर त्यांनी ते पिल्लू पेटीतून काढून तळहातावर घेतलं. मी सवयीनं हळदीच्या पाण्याचा तांब्या पुढं केला. त्यांनी मानेनंच नको म्हटलं. त्या घरात काहीतरी न धुता आत आलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.