मागनं जेवतो

टाकव्यात कुणाचंही लग्न असो, आमचे हे शेजारी वरणाची बादली घेऊन पंगतीत हजर. "घ्या की पाव्हणं, लाजताय काय!" असा आग्रह करतील की नको होतं. स्वतः मात्र, "मी मागनं जेवतो." मागनं म्हणजे मंडपामागं उभं राहून खिशातली कोरडी चपाती! काहीही ओलसर तोंडात गेलं की त्यांना उमासे येतात, घास अडकेल या भीतीनं घाम फुटतो. अंगावर कपडे लोंबायला लागले, तरी "लहानपणापासनं असंच हाय" म्हणे. शेवटी वैतागून मीच तळेगावला डॉक्टरांकडे नेलं. त्या म्हणाल्या, हे नखरे नव्हेत, आजार आहे. बरा होतो, पण सावकाश.

परवाच्या लग्नात ते पहिल्यांदाच पानावर बसले. वाढपी वरण घेऊन येताच मी त्यांच्या पानावर हात आडवा धरला. त्यांनी तो बाजूला सारला. "थेंबभर वाढ." बोट बुडवलं, डोळे मिटून गिळलं.

"एवढंच? लाजताय काय!" वाढपी हसला. ती बादली त्याच्याच डोक्यात घालावी असं मला वाटलं.

हे मात्र घाम पुसत म्हणाले, "लांब जाऊ नको. मागनं आनखी घेतो."